बारावा पडदा

"चढलाय," अरुंधती म्हणून गेली, आणि म्हटल्यावर तिला कळलं की आपण हे मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्यानं म्हटलं. एक चप्पल पायात होती, एक उंबऱ्याबाहेर. समोर गॅलरीच्या दारात स्टुलावर बाबा बसले होते. त्यांच्या मांडीवर मॉडेल तीन, त्यांनी स्वतः घडवलेली, लाल अंगाची, पिवळ्या कडांची नवीकोरी बेस गिटार. आणि घरातल्या एकुलत्या एक खुर्चीत, गुडघे फाकवून, चिंचवड गावठाणातला जयसिंग ऑर्केस्ट्रावाला, जो ती न्यायला आला होता. बाबांनी मानेवरच्या आडव्या धातूच्या काड्यांतल्या बाराव्या पडद्यावर बोट दाबून जाड तार नुकतीच छेडली होती. रेडिओच्या मागच्या पिनेत खोचलेल्या वायरीतून तो सूर रेडिओच्या पोटात शिरून बाहेर पडला होता, मांडणीवरची ताटं किणकिणली होती, जयसिंग "वाऽ" म्हणायला तोंड उघडत होता, आणि नेमक्या त्या क्षणी ही बया शाळेतून आली आणि म्हणाली, चढलाय.

"काय चढलाय?" बाबांनी विचारलं.

"सूर. मोकळी तार बरोबर आहे बाबा, पण बाराव्या पडद्यावर तिचाच वरचा सा यायला पाहिजे, तो थोडा चढा येतोय."

एरवी गुरुवारी, म्हणजे सगळ्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या बिल्डिंगीत दुपारी साडेबाराला काय गोंगाट असायचा! आज मात्र अख्ख्या जिन्यानं कान टवकारल्यासारखं वाटलं. जयसिंगनं बाबांकडं पाहिलं, मग तिच्याकडं, मग परत बाबांकडं. "आता ह्ये काय नवीन, सदाशिवराव?" तो म्हणाला. वाईट नव्हता माणूस. बापजाद्यांची जमीन कंपनीत गेली, पैशाची मोटारसायकल घ्यायची सोडून यानं ढोल, ताशे, अॅकॉर्डियन घेऊन ऑर्केस्ट्रा काढला, म्हणून गावठाणात त्याला हसायचे, आणि हसणाऱ्यांच्याच घरची लग्नं हा वाजवायचा. "मला सा कळंना न् रे कळंना. मला आपलं प्वाटात धम्म झालं की बास. पर येत्या शनवारी गणपतीचा पैला कार्यक्रम हाय, आन् समोर बसणाऱ्यांत एकाला जरी हिच्यावानी कळलं तर? आमचा बेसवाला गेला दुबईला. वाजवणारा मिळंल दुसरा, बाजा हितं न्हाई मिळायचा. पाचला येतो परत. सूर बरोबर असंल तर उचलतो, न्हाईतर मुंबईस्न आणतो, आधीच सांगतो." आणि जाताना दारात तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "लई तिखट हाय गं तू!"

दार लागलं. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तारा सैल केल्या नाहीत, गिटार भिंतीला टेकवली नाही, लहान मूल निजवावं तशी ती खाटेवर आडवी ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "पडदे तुझ्याच आकड्यांवर बसवलेत ना?" बस, एवढंच. मग वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आतल्या चटईवर आडवे झाले. अरुंधतीनं दप्तर ठेवलं, हातपाय धुतले, वाढलेलं ताट पुढं ओढलं, आणि पहिला घास उचलताना तिचं लक्ष गेलं: ते वर्तमानपत्र हलत नव्हतं. झोपलेल्या माणसाच्या तोंडावरचा पेपर वरखाली होतो. हा नुसता पसरलेला होता, पत्र्यासारखा.

आकडे तिचेच होते, यात काही खोटं नव्हतं. पहिली दोन मॉडेलं बाबांनी छाप घेऊन केली होती. खडकीला चर्चमध्ये आणि क्लबात वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं खरी विलायती बेस होती, तिच्यावर खाकी कागद पसरून, शिसपेन्सिल घासून, एकेक पडदा उतरवून आणला होता बाबांनी. मॉडेल एकची मान तिच्या अंगापेक्षा जड झाली. वाजवणाऱ्यानं टाळ्या वाजवायला हात सोडला की ती दाणकन मान टाकायची, उपाशी घोड्यासारखी. दोन कार्यक्रमांत ती परत आली. मॉडेल दोनचं वरचं शिंग बाबांनी वीतभर लांब काढलं, तोल असा जमला की नुसती गळ्यात घालून उभं राहावंसं वाटावं. पण तिच्यात एक भुंगा बसला होता. ट्यूबलाइट लागली की घूंऽऽ. मांडवात तर ट्यूबाच ट्यूबा. तीही परत आली, आणि आणून देणारा म्हणाला होता, "सदाशिवराव, हा भुंगा वेगळी बिदागी मागतोय का हो?" दुसऱ्या दिवशी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तिसरी करा. हौस आहे, करा. पण तीही परत आली तर ती गॅलरी मला मोकळी करून द्यायची. तीन वर्षं झाली, मी पापड वाळवायला शेजारच्या ताईंकडं जाते." आणि बाबा, जे फाउंड्रीतल्या मॅनेजरशी ताठ मानेनं बोलायचे, ते म्हणाले होते, "बरं."

आणि हे कुणालाच माहीत नव्हतं, की त्या भुंग्याचा पत्ता अरुंधतीला बाबांच्या आधी लागला होता. शाळा सकाळची, बाबांची पहिली पाळी, आई दुपारी दोन घरं सोडून शिवणाच्या वर्गाला. दीड ते तीन हे घर तिचं असायचं. त्या दीड तासात मॉडेल दोन खाटेखालून निघायची. पहिल्यांदा नुसती तार ओढून पाहिली होती तिनं, गंमत म्हणून. आणि तो सूर कानात नाही, छातीच्या हाडात वाजला. लहानपणी पहाटे पहाटे लांबच्या कंपनीतला घण पडायचा तेव्हा खाटेचे पाय जमिनीतून काहीतरी सांगायचे, तसा. वर्गातल्या मुली लता व्हायच्या, आशा व्हायच्या. हिला त्या गाण्याच्या खालून जे चालत जायचं ते व्हायचं होतं. महिनाभरात बोटांची टोकं सोललीही आणि टणकही झाली. शिवणाच्या बाईंनी आईला विचारलं, "तुमच्या मुलीच्या बोटांना घट्टे कसले हो, विहिरीचं पाणी काढते का?" आई म्हणाली, "हो." नळाला चोवीस तास पाणी असलेल्या वसाहतीत. आणि घरी येऊन आईनं खोबरेल तेलाची बाटली नुसती तिच्यापुढं ठेवली, डोळ्याला डोळाही न भिडवता. तर अशाच एका ढगाळ दुपारी ट्यूब लावली आणि भुंगा बोलला. ट्यूब बंद, भुंगा गप्प. ट्यूब सुरू, भुंगा. सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे, तुम्ही नसताना मी हिला हात लावते हेही सांगायचं, आणि ती तेव्हा नववीतली, वेणीचं टोक चावणारी, हजेरीलासुद्धा घशातून आवाज न निघणारी मुलगी होती. ती गप्प राहिली. मॉडेल दोन मांडवात गेली आणि मान खाली घालून परत आली. त्या दिवशी बाबांनी तिला खिळ्याला टांगताना जसे हात पुसले, तसे पुसताना अरुंधतीनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून तर आज तोंडातून निघालं. निघालं नाही, तिनं काढलं. या जूनपासून तिचं काही वेगळंच चाललं होतं. प्रार्थनेच्या पेटीचा एक सूर बेसूर आहे असं ती सगळ्या वर्गासमोर बाईंना म्हणाली होती, बाई म्हणाल्या होत्या, "बस खाली, तानसेन," आणि आठ दिवसांनी पेटी दुरुस्तीवाला आला, त्यानं भाता उघडला, पत्ती काढून उजेडात धरली आणि विचारलं, "ही फट कुणी ओळखली?" साठ माना मागं वळल्या. त्या दिवसापासून ती चालताना कोपरं जरा बाहेर काढून चालायला लागली होती, जिना दोन दोन पायऱ्यांनी चढायची, आरशात स्वतःला "काय मग?" असं विचारायची. आणि आता ताटात भात गार होत असताना पहिल्यांदाच तिच्या मनात आलं: बेसूर मीच असले तर? आकडे माझे आणि कानही माझा. दोन्ही खरे असू शकत नाहीत. एक चुकलंय. आकडा चुकला असेल तर मॉडेल तीन मीच मारली, आणि कान चुकला असेल तर मी ती जयसिंगच्या समोर मारली. दोन्हीकडून खुनी मीच.

तिनं ताट सरकवलं आणि वही काढली. मे महिन्यात याच गॅलरीत बाबा म्हणाले होते, "आता नक्कल नको. आता आपली स्वतःची. मोकळ्या तारेची लांबी मी ठरवली, आठशे चौसष्ट मिलिमीटर. खडकीवाला म्हणतो बारावा पडदा बरोबर निम्म्यावर. मधले अकरा कुठं?" बाबा आयटीआयचे, त्यांना कोन कळायचे, ढाळ कळायचा, हात फिरवून लाकडातला केसाएवढा उंचवटा कळायचा, पण हे कळेना. आणि तिला ते असं कळलं की अंगावर काटा आला. बारा पावलांत सूर दुप्पट व्हायचाय, प्रत्येक पाऊल सारख्याच पटीचं. मग दोनाचा लॉग घ्या आणि बारानं भागा! पाठ्यपुस्तकाच्या मागचे ते मेलेले तक्ते, ज्यांना सगळ्या मुली शिव्या घालायच्या, ते तिच्या हातात तारेसारखे ताणले गेले. वीस पडद्यांचे वीस आकडे तिनं सुवाच्य अक्षरात लिहून दिले होते आणि बाबांनी तो कागद घडी न घालता, सपाट, कपाटात ठेवला होता. आता तिनं ते वीसही आकडे पुन्हा काढले. पहिला पडदा साडेअठ्ठेचाळीस. बारावा चारशे बत्तीस. विसावा पाचशे ब्याण्णवला जरा कमी. आकडे बरोबर होते. मग कान?

ती उठली, आतल्या खोलीचं दार लोटलं, रेडिओ लावला आणि मॉडेल तीन मांडीवर घेतली. एवढी मोठी चोरी ती बाबा घरात असताना पहिल्यांदाच करत होती, आणि गंमत म्हणजे ती चोरी वाटेना. काय देखणी होती! फाउंड्रीत ओतकामासाठी आधी लाकडाचा नमुना करतात, पॅटर्न. तो वाळूत दाबून साचा उठवायचा, नमुना काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. नमुना वाळूतून अलगद निघावा म्हणून त्याच्या प्रत्येक कडेला बेमालूम ढाळ देतात, आणि कुठली बाजू नंतर मशीनवर जाणार, कुठली तशीच राहणार, हे कळावं म्हणून पिवळा, लाल रंग देतात. बाबांची गिटार तशीच होती. जणू तिलाही एक दिवस वाळूतून उचलायचं होतं. अरुंधतीनं मोकळी तार छेडली. मग बारावा पडदा दाबून. चढा. शंका नको. मग तिला तिची घंटा आठवली. मॉडेल दोनवर एकदा चुकून सापडलेली चीज होती ती: तार दाबायची नाही, नुसतं बोट टेकवायचं, निम्म्यावर, आणि छेडताक्षणी उचलायचं. मग तारेतून घंटेसारखा स्वच्छ सूर निघतो. ती घंटा म्हणजे वरचा सा, अगदी खरा. तिला पडदा कुठं बसवलाय याच्याशी देणंघेणं नाही, तिला तार जिथं निम्मी होते तेवढंच कळतं. मॉडेल दोनवर घंटा बरोबर बाराव्या पडद्याच्या डोक्यावर वाजायची. इथं तिनं बोट बाराव्या पडद्यावर टेकवलं. नुसतं फुस्स. बोट हळूहळू खुंट्यांकडं सरकवलं. फुस्स. फुस्स. आणि मग, पडद्याच्या चार मिलिमीटर अलीकडं, टण्ण!

तिच्या तोंडून "हा!" निघालं. कान बरोबर, आकडे बरोबर, आणि तरी पडदा चार मिलिमीटर पुढं. हे म्हणजे दोन आणि दोन बरोबर असून बेरीज पाच येण्यासारखं. राहिले कोण? राहिले बाबा. ज्यांनी अठरा वर्षांत एक पॅटर्न परत येऊ दिला नाही, ज्यांच्याकडं शिकाऊ मुलं माप विचारायला यायची, ते चार मिलिमीटर चुकतील? केसाच्या निम्म्यानंही चुकत नाहीत ते. आणि चुकले असले तर एखादा पडदा चुकेल, मग बाकीचे? तिनं दप्तरातली कंपासपेटी काढली, तिच्यातली पंधरा सेंटिमीटरची पारदर्शक पट्टी, जिच्यावर कर्कटकानं 'अरुंधती १० अ' कोरलं होतं आणि शेजारी एक फूल, आणि ती पट्टी पडद्यांवरून सरकवत चालली. पहिला पडदा अर्धा मिलिमीटर पुढं. पाचवा दोनाहून जास्त पुढं. सातवा जवळजवळ तीन. सगळे पुढं! पण कसे, रांगेत, शिस्तीत, जितका लांब तितका जास्त. चूक अशी शिस्तीत नसते. चूक वेंधळी असते, इकडं पाय तिकडं पाय. ही शहाणी चूक होती. हिच्यामागं कुणीतरी होतं.

खिळ्याला, कापडी पिशवीत, बाबांची पोलादी पट्टी टांगलेली असायची. दोन फुटी, कडा झिजून चांदीसारखी झालेली, शिकाऊ असताना पहिल्या पगारातून घेतलेली. तिच्याशिवाय बाबा पेन्सिलीला टोकसुद्धा काढायचे नाहीत असं आई म्हणायची. अरुंधतीनं ती काढली आणि तिच्या शेजारी आपली पट्टी ठेवली, शून्याला शून्य लावून. पाच सेंटिमीटरवर काही कळेना. दहावर जरा डोळे बारीक करावे लागले. पंधरावर, तिची पट्टी जिथं संपत होती तिथं, बाबांची पट्टी अजून एकशेसाडेअठ्ठेचाळीसच म्हणत होती. बाबांचा मिलिमीटर मोठा होता. तिला हसू आलं, कारण हे तिला माहीत होतं. ती चार वर्षांची असताना याच पट्टीशी खेळता खेळता तिनं ऐकलं होतं: अगं, लोखंड वितळतं तेव्हा फुगतं आणि थंड झालं की आकसतं. शंभराला एक. मग नमुना तेवढा मोठा करायला नको का? दर वेळी हिशेब कोण करत बसणार, म्हणून आमची पट्टीच मोठी असते. शंभर म्हणायचं आणि एकशेएक मोजायचं. लोखंडाला आकसू दे की, आपण आधीच वाढवून दिलंय! बाबा हे सांगताना स्वतःच फुगायचे. आणि अठरा वर्षं ती पट्टी हातात घेऊन घेऊन तो मोठा मिलिमीटर त्यांच्या बोटांचा झाला होता. पडदे त्यांनी त्या पट्टीनं आखले, वीसच्या वीस. विसावा सहाशेच्या अलीकडं, म्हणजे दोन फुटी पट्टीत मावणारा. पण तारा खालच्या टोकाला जिच्यावर टेकतात ती घोडी बसवायची होती आठशे चौसष्टवर. तिथं पट्टी पुरेना. आणि तेव्हा, तिला लख्ख आठवलं, बाबांनी आईच्या शिवणाची टेप मागितली होती. पडदे फाउंड्रीच्या मापानं, घोडी झंपराच्या मापानं.

आता सांगायचं. तिनं दाराकडं पाहिलं. फटीतून दिसणारा पेपर अजून हलत नव्हता. न सांगता घोडी सरकवली तर? स्क्रू चार, पेचकस समोर, पावणेतीन वाजले होते. बाबांना म्हणायचं, आपोआप जमलं, तारा बसल्या. मॉडेल दोनच्या वेळची ती वेणी चावणारी मुलगी हेच म्हणाली असती, आणि बाबा पुढचं मॉडेल त्याच पट्टीनं करायला बसले असते. नाही. आणि आणखी एक होतं, जे तिनं स्वतःशीसुद्धा भीत भीत कबूल केलं: तिला ते सांगायचं होतं. बाबांना हरवायला नाही. एवढी सुंदर चूक एकटीनं कशी बघायची? तिनं दार ढकललं.

"बाबा, झोपला नाहीत ना? तुमची पट्टी बघा. आणि ही माझी."

बाबा उठून बसले. दोन्ही पट्ट्या तिनं चटईवर शून्याला शून्य लावून ठेवल्या. समजावलं काही नाही. कळायला बाबांना तीन सेकंद लागले, आणि ती तीन सेकंद अरुंधतीला दहावीच्या वर्षाएवढी वाटली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पट्टी चुकीची नाहीये," ते म्हणाले.

"अजिबात नाही. पट्टी बरोबरच आहे बाबा. फक्त ही गिटार थंड होऊन आकसणार नाहीये, एवढंच."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, शिवणाच्या वर्गाहून कधी आली कुणास ठाऊक, हातात पिशवी तशीच. तिनं दोन्ही पट्ट्यांकडं वाकून पाहिलं. "म्हणजे घरातसुद्धा हीच वापरता?" तिनं विचारलं. "तरीच! तरीच ती मांडणी कोनाड्यात जाईना, अर्धा दिवस घासत बसला होतात. आणि मी म्हणत होते, बिल्डर चोर."

बाबांच्या नाकातून एक आवाज आला. अरुंधतीला वाटलं, झालं, रडतात की काय. पण ते हसत होते, खांदे गदागदा हलवून, आवाज न करता. "नवं पोरगं शॉपमध्ये येतं ना," ते डोळे पुसत म्हणाले, "ते घरची साधी पट्टी घेऊन पॅटर्न आखतं. कास्टिंग लहान येतं. आठवडाभर त्याला हसतो आम्ही, चहा त्याच्याच नावावर. पण उलटं करणारा गाढव अठरा वर्षांत पहिला बघितला. आणि तोही मीच." मग हसू जसं आलं तसं गेलं. ते खाटेशी गेले, गिटार पालथीउताणी करून पाहिली, पडद्यांवरून अंगठा फिरवला. एकेक पडदा त्यांनी खाच मारून, ठोकून, घासून बसवला होता; वीसच्या वीस उपटायचे म्हणजे पडद्यांखालची शिसवीची पट्टी गेली, मान गेली, गणपती गेले. "पाचला तो येणार," ते म्हणाले. तिच्याशी नाही, लाकडाशी.

"पडद्यांना हात लावायचाच नाही बाबा!" ती जवळजवळ किंचाळली. "पडदे सगळे एकाच पटीनं मोठे आहेत ना? मग त्यांचं आपसात बरोबर आहे. सगळे खरंच बोलतायत, फक्त मोठ्या तारेचं बोलतायत. त्यांना मोठी तार देऊन टाका. घोडी मागं सरकवा!"

बाबा तिच्याकडं बघत राहिले. असे ते फक्त कास्टिंगकडं बघायचे, वाळू झाडून पहिल्यांदा उजेडात आलेल्या. मग त्यांनी पेचकस घेतला, गुडघ्यावर बसले आणि वर न बघता म्हणाले, "किती?"

किती. हा शब्द तिनं हजार वेळा ऐकला होता, पण तो नेहमी या माणसाला विचारला जायचा. "आठ पूर्णांक सहा," ती म्हणाली. "माझ्या पट्टीनं."

ते 'अरुंधती १० अ' आणि ते फूल बाबांच्या जाडजूड बोटांत काय केविलवाणं दिसत होतं! पण रेघ मारली ती केसासारखी. घोडी सुटली, जुन्या चार भोकांत सागाच्या काड्या सरस लावून ठोकल्या गेल्या, हातड्रिल गरगरलं, लाकडाचा पिवळा भुसा तिच्या शाळेच्या निळ्या स्कर्टवर पडला आणि तिनं तो झटकला नाही. आईनं मध्येच चहा आणून ठेवला, तो साय धरून बसला. चार वाजून गेले होते, शेजारची मुलं खाली विटीदांडू खेळत ओरडत होती. तारा चढल्या. अरुंधतीनं बोट बाराव्या पडद्याच्या डोक्यावर नुसतं टेकवलं आणि तार छेडली. टण्ण! मग तीच तार तिथंच दाबून. दोन्ही सूर एकमेकांत असे बसले की मध्ये नख शिरलं नसतं. तिनं बाबांकडं पाहिलं. त्यांना फरक कळला नव्हता. तो त्यांना दुपारीही कळला नव्हता. ते तिच्या चेहऱ्याकडं बघत होते, आणि तिथं त्यांना जे वाचायचं होतं ते वाचून ते उठले आणि हात धुवायला गेले.

जयसिंग पाचला दहा मिनिटं कमी असतानाच आला. खुर्चीत बसला, खिशातून रुमाल काढून मान पुसली. "हं, सदाशिवराव, वाजवा."

बाबांनी गिटार उचलली आणि अरुंधतीच्या गळ्यात घातली.

तिनं खांद्यावरचा पट्टा नीट केला. मग ती वाजवायला लागली. कुठलंच गाणं नाही. दुपारी दीड ते तीन या वेळात, वर्षभर, कुणी ऐकत नसताना जे तिनं चालवलं होतं तेच: खालच्या तारेवर चालत जाणारी पावलं, सावकाश, वजनदार, मग वळण, मग जिन्यासारखी चढण, पाचवा, सातवा, दहावा, आणि बाराव्यावर न थांबता पुढं, पंधरा, सतरा, जिथं दुपारी ही गिटार पार बहकली असती तिथं सरळ चालून ती परत एका झोकात खालच्या मोकळ्या तारेवर उतरली. ताटं किणकिणली. खिडकीची काच थरथरली. जयसिंगचा रुमाल मानेवर तसाच राहिला होता.

"आयला," तो म्हणाला. मग आईकडं बघून जीभ चावली. मग पुन्हा बाबांकडं वळला, कारण धंद्याचं बोलणं बाप्याशीच करायची सवय. "म्हंजी आता सूर बरोबर हाय म्हणायचा का, सदाशिवराव?"

"मला विचारू नका," बाबा म्हणाले. "मी मोजतो फक्त. तिला विचारा."

जयसिंग तिच्याकडं वळला. खुर्ची करकरली. "काय गं? हाय का बरोबर?"

"आहे," अरुंधती म्हणाली.

"मंग द्या हिकडं." तो उठला आणि गिटार घ्यायला त्यानं दोन्ही हात पुढं केले. "आता ह्येला वाजवणारा एक शोधायचा, शनवारच्या आत. मिळंल कुणीतरी, खडकीचा न्हाईतर देहूरोडचा."

गळ्यातला पट्टा काढायला तिचा हात खांद्यापर्यंत गेलाही होता. तो तिथंच थांबला. लाकूड तिच्या पोटाला टेकलेलं होतं आणि अजून किंचित गुंजत होतं. तिलाच कळेल इतकं. आणि ती भीती, जी दुपारपासून तिच्याबरोबर घरभर हिंडत होती, ती कुठं गेली हे बघायला तिनं आत डोकावलं, तर तिथं कुणी नव्हतं. सगळी जागा रिकामी, झाडून स्वच्छ.

"तालीम किती वाजता असते तुमची?" तिनं विचारलं.

जयसिंगचे हात हवेतच राहिले. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग सवयीनं बाबांकडं. बाबा पेचकसाचं टोक मन लावून पुसत होते.

"सांगा की हो," आई दारातून म्हणाली. "मुलगी विचारतेय."